समुद्रावर फळी मारणारी मथुराबाई

मथुराबाईची गोष्ट सांगायची तर आधी फळी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर निम्मी गोष्ट डोक्यावरून जायची. मंगळवेढ्याकडची जमीन काळी, भारी. कुळवाची पाळी घातली की ढेकळं निघतात ती नारळाएवढी. ती फोडायला बैलांच्या मागं एक लांब, जाड फळी आडवी बांधायची आणि तिच्यावर माणसानं उभं राहायचं. बसायचं नाही, उभं. हातात नुसता कासरा. फळी ढेकळावर चढते, धाडकन उतरते, एका अंगानं उचलते, आणि बैलानं माशी हाकलायला मान झटकली तरी वरचा माणूस मातीत. मिशीवाले गडी त्या फळीनं तोंडात माती घालून सोडलेले आहेत. हे काम बाप्यांचं, असा रिवाज. बाईनं फार तर मागनं चालावं आणि राहिलेली ढेकळं मोगरीनं फोडावीत.

मथुराबाई त्या फळीवर उभी राहायची.

हौसेनं चढली असं कुणी समजू नये. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा रावजी गाव सोडून दुधनीला गेला आणि चन्नवीर शेटजींच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. पुढं ड्रायव्हर झाला आणि मग रस्त्याचाच झाला. सासरा महिपती दुष्काळी कामावर खडी फोडत होता, तिथं धोंडा निसटून गुडघ्यावर आला, तो पाय कायमचा अधू. पुढच्या साली पाऊस झाला. रान वाफशाला, म्हणजे औत चालेल इतक्या ओलीला आलं, बैल दावणीला, आणि फळीवर उभं राहायला घरात माणूस नाही. सासू गोजरबाई म्हणाली, "मथे, वाफसा काय रावज्याची वाट बघत थांबत न्हाय. चढ!"

मथुराबाईनं लुगड्याचा काचा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि चढली. पहिल्या दिवशी इतकी पडली, की शेवटी बैलच आपणहून थांबून मागं बघायला लागले. कोसा आणि बांड्या अशी त्या बैलांची नावं. कोसा जरा तापट, बांड्या साधा. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की पायाखालच्या ढेकळाकडं बघितलं की माणूस पडतो. बघायचं ते कोशाच्या कानाकडं. ढेकूळ यायच्या आधी त्याचा कान हलतो. त्यानंतर ती पडली नाही. तीन सुगी तिनं त्या रानाची फळी मारली, आणि रान असं सपाट करायची की गोजरबाई बांधावरनं म्हणायची, "ह्येच्यावर आता भाकरीच थापावी बगा!"

पण त्या तिन्ही वर्षांत मथुराबाईला फळीवरनं एक गोष्ट रोज दिसायची. सासऱ्याची पाठ.

बांधावर लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली महिपतीची बाज. सून फळीवर चढली, की तो काठीला रेटा देऊन उठायचा, बाज उलटी फिरवायचा आणि रानाकडं पाठ करून बसायचा. त्यात थोडी रीतही होती. सुनेचा काचा मारलेला, डोक्यावर पदर नाही, सासऱ्यानं कसं बघायचं? आणि थोडी शरम होती. गावातला रस्ता त्याच बांधाला लागून जायचा, आणि येणारेजाणारे "काय म्हातारबा, सून हाकती वाटतं औत?" असं विचारून जायचे. म्हातारा तंबाखू मळत दुसरीकडं बघायचा.

शहात्तर साली, मळणी आवरल्यावर, त्यानं एका सकाळी जाहीर केलं, "पाडव्यापासनं रान हिंदुरावला वाट्यानं द्यायचं. बास झालं आता."

हिंदुराव हा रावजीचा चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा डोळा त्या सपाट रानावर होता, आणि असणारच की! कुणाचाही असता. पाडव्याला वर्षाचे ठराव होतात, सालगडी बांधले जातात. एकदा नारळ फुटला की वर्षभर तोंड उघडायचं नाही.

सासऱ्यासमोर मथुराबाई बोलायचीच नाही. बैलांना पाणी दाखवायला नेलं आणि कोशाच्या पाठीवर हात फिरवत हौदाशी बराच वेळ उभी राहिली. रान वाट्यानं गेलं म्हणजे तिनं उद्यापासनं दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन जायचं, ते काम तिला नवीन नव्हतं. पण जिनं हे रान असं केलं तिला कुणी एकदा बघितलंसुद्धा नाही, आणि न बघताच काढून घेतलं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

आणि त्याच आठवड्यात रावजी ट्रक घेऊन दारात आला.

हा रावजी म्हणजे बोलण्यात हार न जाणारा माणूस. एकदा त्यानं पारावर सांगितलं होतं, की कोकणात समुद्रावर एक पोरगं फळीवर उभं राहून लाटेवरनं येतं. तेव्हापासून गावात कुणी काही फुगवून सांगितलं, की म्हणायचे, "आलं बगा रावजीचं पोरगं!" तो हॉर्न वाजवतच आत आला. "आबा, मालवणच्या बाजूला तूरडाळ आणि मिरच्या टाकायच्या हायत. येताना नारळ भरायचे, त्याला दोन दिस लागत्यात. शेटजींनी मान डोलावलीय. समदी चला! तुमाला दर्या बगायचा हुता की न्हाय?"

महिपतीला दर्या बघायचा होता. लहानपणी कुण्या गोसाव्याकडनं ऐकलं होतं, तेव्हापासनं. तो लगेच फेटा बांधायला लागला. क्लीनर लग्नाला गेलेला, म्हणून त्याच्या जागी हिंदुराव निघाला. गोजरबाईनं भाकरीचं पीठ, शेंगांची चटणी, तवा, आणि सगळे नको नको म्हणत असताना पाटा-वरवंटा घेतला. मथुराबाईनं बैलांची वैरण शेजारच्या शांतम्माला सांगितली. म्हातारा-म्हातारी पुढं केबिनमध्ये, बाकीचे मागं पोत्यांवर.

कोल्हापूर ओलांडून घाट लागला, तेव्हा मिरच्यांच्या पोत्यांवर एक तमाशाच झाला. ट्रक वळणावर झुकला की हिंदुराव पोत्यांवर पालथा पडायचा, दोन्ही हातांनी दोर धरून. मथुराबाई मात्र केबिनच्या मागं उभी, हात सुटे, पुढचा रस्ता बघत. वळण आलं की गुडघ्यात जरा लवायची, संपलं की सरळ. पायाखाली काही हलतंय हेच जणू तिच्या गावी नव्हतं.

"वैनी, बसा की! पडाल!" हिंदुराव पोत्यात तोंड खुपसूनच ओरडला.

"भावजी, तुमी धरून बसा. मी हाय हितं."

माल उतरवून संध्याकाळच्या आत ट्रक समुद्राकाठच्या माडांत येऊन उभा राहिला. महिपती खाली उतरला आणि काठीवर हनुवटी टेकून बघतच राहिला. एवढं पाणी, आणि पलीकडचा काठच नाही. मग तो म्हणाला, "रावज्या, ह्येला उतार कुटं असंल?" म्हणजे माणसानं पायी पलीकडं जायची जागा. रावजी ट्रकमधनं ताडपत्री काढायला लागला.

पण मुक्कामाचं म्हटल्यावर म्हाताऱ्यानं सूत्रं हातात घेतली. भीमेच्या पात्रात त्यानं जन्मभर मुक्काम केलेले. "कोरड्या वाळूत मेख टिकत न्हाय. ती ओली, घट्ट वाळू बगा. पाण्याजवळ. तितंच ताडपत्री ठोका. फाल्गुनात काय पूर येतोय?" माडांखालनं जाणारा एक मासेवाला थांबला, हातानं 'वर या, वर या' अशी खूण करू लागला. म्हातारा म्हणाला, "त्येला वाटतंय, आमी नवखं हाव." आणि त्यालाच हात हलवून वाटेला लावलं.

मग त्यानं ताडपत्रीशेजारी वाळूत झिरा उकरला. भीमेच्या वाळूत हातभर उकरलं की गोड पाणी लागतं, तसं इथंही पाणी लागलं, स्वच्छ. त्याच पाण्यात गोजरबाईनं आमटी टाकली आणि सवयीनं वर मूठभर मीठही. पहिला घास घेतला आणि रावजीचं तोंड वाकडं झालं. हिंदुराव तर उठून माडाकडं पळाला. महिपतीनं मात्र सगळी वाटी संपवली. डोळ्यांतनं पाणी आलं, तरी भुरके मारत राहिला.

गोजरबाई म्हणाली, "आनी वाढू का? झिऱ्याची हाय."

"न्हाय," म्हातारा म्हणाला. "पोट भरलं."

अंधार पडता पडता मथुराबाईच्या ध्यानात आलं, की चूल विझलीय. तिनं फुंकणी घेतली तर चुलीत पाणी. मागनं एक लाट आली, तिनं तवा उचलला आणि निघाली. "तवा! तवा धरा!" रावजी पाण्यात पळाला आणि तवा घेऊनच परतला. ताडपत्रीची एक बाजू फुगून वर आली, घोंगडी तरंगू लागली, पीठ भिजलं. म्हातारा काठी उगारून पूर्वेला, घाटाकडं बघत ओरडत होता, "वर पाऊस झालाय! घाटात पाऊस झालाय, रावज्या! पूर आलाय! बैलं सोडा!" बैल मंगळवेढ्याला होते. मथुराबाईनं पाटा एका बगलेत, सासूचा हात दुसऱ्या हातात, असं करून दोघांना वर माडात आणलं, आणि परत जाऊन सासऱ्याला. अधू पायाच्या माणसाला ओल्या वाळूत चालता येईना. तिनं काहीही न विचारता त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. म्हातारा अंग चोरून, मान दुसरीकडं वळवून, पण आला.

वर आल्यावर तो म्हणाला, "ढग तर कुटं दिसत न्हाय."

"दर्याला रोज पूर येतो, आबा," रावजी म्हणाला. "सकाळी परत जातो."

"मग आदी सांगाया काय झालं हुतं?"

"तुमी बोलू दिलं कवा?"

सगळी हसायला लागली. म्हातारा हसला नाही, पण रागावलाही नाही. मथुराबाईनं माडाखाली चूल मांडून भिजलेल्या पिठाच्या भाकरी केल्या. त्या खारट भाकरी सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ल्या.

सकाळी पाणी खरंच मागं गेलेलं. आणि होडीवाल्यांची पोरं एका तुटक्या होडीची फळी घेऊन लाटांत खेळत होती. फळी पोटाशी धरायची, लाट आली की तिच्यावर पालथं पडायचं, आणि लाट त्यांना वाळूपर्यंत आणून सोडायची.

हिंदुराव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "रावजीभाऊ, ही तर समदी पोटावर हायती. तुमचं ते उबं ऱ्हाणारं पोरगं कुटाय? शाळंत गेलंय व्हय?"

"हुतं! ह्या डोळ्यानं बगितलंय!"

"उबं ऱ्हाताच येणार न्हाय त्येच्यावर. दावा की उबं ऱ्हाऊन."

रावजी चिडला. ट्रकमधनं पोती चढवायची फळी काढली. हमाल जिच्यावरनं पाठीवर पोतं घेऊन चढतात ती, हलक्या लाकडाची, माणसापेक्षा लांब. कमरेएवढ्या पाण्यात नेली, लाट आली, चढला, आणि असा आडवा झाला की बराच वेळ नुसते पायच दिसत होते. बाहेर आला तो नाकातनं पाणी काढत. मग हिंदुराव गेला. त्याचा फेटा सुटला, आणि लाटेबरोबर लांबच लांब उलगडत चालला. होडीवाल्यांची पोरं वाळूत लोळून हसली.

मथुराबाई वाळूत बसून घोंगडी वाळत घालत होती. ती हसत नव्हती. ती फळीकडं बघत होती.

गोजरबाईनं तिच्याकडं बघितलं. "मथे, जा की."

"आत्याबाई, काय तरीच काय."

"बाप्यांनी दोनदा माती खाल्ली. फळी कुणाची हाय ती, त्यास्नी काय ठावं?"

मथुराबाईनं सासऱ्याकडं बघितलं. महिपती एका माडाला टेकून समुद्राकडं तोंड करून बसला होता. पहाटेपासनं तो तसाच होता. त्याला त्या पाण्यावरनं नजर काढवत नव्हती. त्यानं ऐकलं की नाही, ते कळेना.

मनातल्या मनात तिला वाटलं, पाडव्यानंतर पायाखाली फळी यायची नाही. तिनं काचा मारला, पदर खोचला आणि पाण्यात गेली.

"आवं, एक दोर बांदा पुढच्या टोकाला," ती रावजीला म्हणाली. रावजीनं दोर बांधला. तिनं तो कासऱ्यासारखा धरला, लाट आली, ती चढली, सवयीनं मागं रेलली, आणि पाठीवर पडली. दुसऱ्यांदाही तेच. हिंदुराव काठावरनं ओरडला, "वैनी, ह्यो कोसा न्हवं!"

ती पाण्यातनं उठली, डोळ्यांतलं खारं पाणी पुसलं आणि तशीच उभी राहिली. लाटा बघत. एक गेली, दुसरी गेली. मग तिला उमगलं. रानात बैल पुढं असतात, ते ओढतात, म्हणून मागं रेलायचं. इथं बैल मागं आहेत. ही लाट ढकलणार आहे. आणि रानात फळी आडवी, पाय शेजारीशेजारी; इथं ती उभी लांब, तर पाय पुढंमागं पाहिजेत.

तिनं दोर सोडून दिला. "कासरा नगं. तुमी नुसती धरून ऱ्हावा, आनी मी म्हनंन तवा सोडा."

मागं वळून बघायचं नाही, हे तिला कळलं होतं, पण इथं कोशाचा कान नव्हता. मग तिनं कान दिला. मागची लाट उठली की एक आवाज होतो, सुपातनं धान्य सरकावं तसा. ती फळीवर गुडघ्यांवर बसली. आवाज आला. "सोडा!" फळी उचलली, धाडकन पुढं सुटली, आणि मथुराबाई उभी राहिली.

एक पाय पुढं, एक मागं, गुडघ्यात लवलेली, हात जरा उघडे. फेस दोन्ही बाजूंनी उसळत होता आणि लुगड्याचं टोक मागं फडफडत होतं. पोरं हसायची थांबली. तीन वर्षं फळीवरनं तिनं पुढं बैलांची ढुंगणं आणि त्यांच्यापलीकडं एक पाठ बघितली होती. आज पुढं बैल नव्हते. आणि समोर, माडाच्या बुंध्याशी, सासऱ्याचं तोंड होतं. डोळे पूर्ण उघडे, तिच्याकडं.

म्हाताऱ्यानं पाठ फिरवली नाही.

फळी वाळूला टेकली, तशी ती पुढं दोन पावलं पळत आली आणि थांबली. एकदम आठवण झाल्यासारखं तिनं पदर सोडून डोक्यावर घेतला. सगळी तिच्याभोवती जमली. "म्यां म्हनलं न्हवतं? उबं ऱ्हातं म्हनून!" रावजी नाचत होता, जणू पारावर सांगितलेलं ते पोरगं त्याच्या घरातनंच निघालं होतं. हिंदुराव ओला फेटा पिळत उभा होता. त्यानं तिला हात जोडले, आणि ते चेष्टेनं नव्हते.

महिपती काठी टेकत खाली आला. त्यानं फळीकडं बघितलं, सुनेच्या पायांकडं बघितलं. घसा खाकरला.

"मागच्या पायावर भार जरा जास्त पडला," तो म्हणाला. "म्हनून शेवटाला तोंड उचललं फळीनं."

मथुराबाई मान खाली घालून म्हणाली, "व्हय, मामंजी."

गोजरबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे बगत हुतासा!"

"मी दर्या बगत हुतो," म्हातारा म्हणाला. "ती मदी आली."

त्या दिवशी ती आणखी पुष्कळदा गेली. कधी पडली, कधी वाळूपर्यंत आली. होडीवाल्यांची पोरं तिच्यामागं उभं राहायला शिकू लागली, आणि ती त्यांना हातवारे करून पाय कुठं ठेवायचे ते दाखवत होती. म्हाताऱ्याची सूचना तिनं पाळली, मागच्या पायावरचा भार कमी केला, आणि खरंच तोंड उचललं नाही.

पाडव्याला गुढी उभी राहिली. हिंदुराव सकाळीच नारळ घेऊन आला, कोकणातनं आणलेल्यांपैकीच एक. उंबऱ्यात बसून तो नारळ हातात फिरवत राहिला. मग स्वतःच म्हणाला, "आबा, मला त्या फळीवर उबं ऱ्हाता याचं न्हाय. तुमचं तुमी बगा."

महिपतीनं नारळ त्याच्या हातातनं घेतला, गोठ्याकडं गेला, भिंतीला टेकवलेली फळी सुनेकडनं आडवी करून घेतली, आणि तिच्याच कडेवर तो फोडला. वाट्याचं बोलणं तिथं संपलं. पहिलं खोबरं मथुराबाईच्या हातावर ठेवलं, दुसरं कोशाला दिलं.

त्या सालीही भादव्यात वाफसा आला. मथुराबाई फळीवर चढली, कासरा धरला आणि सवयीनं पुढं बघितलं. लिंबाखाली म्हातारा काठीला रेटा देऊन उठत होता. तिनं नजर कोशाच्या कानाकडं वळवली. रानाच्या टोकापर्यंतचं पहिलं तास संपवून बैल वळवले, तेव्हा तिला दिसलं, की बाज फिरवलेली आहे खरी, पण रानाकडं. महिपती तिच्यावर मांडी घालून बसला होता आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी काठीनं दाखवत होता. "बग, बग, गुडघ्यात कशी लवती त्ये बग. दर्यावर केलंय तिनं. माज्या डोळ्यादेखत."

आणि मग, पुढची सगळी वर्षं, दिवसभर त्याचं एकच सुरू असायचं. "डावीकडं! त्ये ढेकूळ ऱ्हायलं बग डावीकडं!"

"व्हय, मामंजी!" मथुराबाई फळीवरनं ओरडायची. ढेकूळ राहिलेलं नसायचं. तरी ती बैल वळवायची आणि म्हाताऱ्यासमोरनं आणखी एक फेरी घालायची.